संगीत डाउनलोड दुकाने : वैधता आणि कलावंतांचे मानधन

गाण्याची डिजिटल फाइल पैसे घेऊन कायमची उतरवून देणारी संकेतस्थळे. स्ट्रीमिंगमध्ये वर्गणी थांबली की गाणे थांबते. येथे घेतलेली फाइल ग्राहकाकडेच राहते.

एका गाण्यावर दोन वेगळे हक्क असतात. शब्द आणि चाल यांचा हक्क गीतकार-संगीतकारांचा किंवा त्यांच्या प्रकाशकाचा. ध्वनिमुद्रणाचा हक्क बहुधा रेकॉर्ड कंपनीचा. दुकानाला दोन्हींची परवानगी लागते. पैसे घेतले म्हणून दुकान कायदेशीर ठरत नाही, हे अनेक ग्राहकांच्या लक्षातच येत नसे.

रशियातील ‘ऑल ऑफ एमपी-थ्री’ हे याचे ठळक उदाहरण. तेथे गाण्याला ठरावीक किंमत नव्हती. फाइल जितकी जड तितके पैसे, आणि तेही नाममात्र. ‘रोम्स’ या रशियन हक्कसंस्थेचा परवाना असल्याचे दुकान सांगे. सभासद नसलेल्यांच्या वतीनेही परवाना देण्याची मुभा अशा संस्थांना तेव्हाच्या रशियन कायद्यात होती. आम्ही हा अधिकार कोणाला दिलेलाच नाही, असे परदेशी कंपन्यांचे म्हणणे. जागतिक व्यापार संघटनेतील रशियाच्या प्रवेशाच्या वाटाघाटींतही हा वाद निघाला आणि 2007 मध्ये दुकान बंद पडले. त्याच वर्षी मॉस्कोच्या न्यायालयाने त्याच्या माजी प्रमुखाला निर्दोष सोडले, हे विशेष.

परवाना चोख असला तरी गायकाच्या हाती किती पडते, ते करारावर ठरते. एप्रिल 2003 मध्ये ॲपलचे आयट्यून्स दुकान उघडले, तेव्हा गाण्याची किंमत होती 99 सेंट. त्यातले सुमारे 70 सेंट रेकॉर्ड कंपनीकडे जात. शब्द आणि चाल यांच्या हक्कापोटी अमेरिकेत 2006 पासून पाच मिनिटांपर्यंतच्या गाण्याला 9.1 सेंट असा वैधानिक (कायद्याने ठरलेला) दर होता. तोही या 70 मधूनच. गायकाचा वाटा टक्केवारीने, आणि तोसुद्धा कंपनीने त्याला आगाऊ दिलेली रक्कम फिटल्यावर. सीडीच्या काळातली वेष्टनखर्चाची कपात काही करारांत डाउनलोडलाही लागू राहिली. फाइलीला कसले आले वेष्टन!

खरा वाद एका शब्दावर झाला: डाउनलोड म्हणजे ‘विक्री’ की ‘परवाना’? अमेरिकी रॅप गायक एमिनेमच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांशी संबंधित एफबीटी प्रॉडक्शन्सच्या करारात विक्रीवर 12 ते 20 टक्के, तर परवान्यावर 50 टक्के असे दर होते. रेकॉर्ड कंपनी विक्रीचा दर लावत होती. 2010 मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किट अपील न्यायालयाने या करारापुरता परवान्याचा दर ग्राह्य धरला, आणि इतर कलावंतांनीही आपापले जुने करार घेऊन कंपन्यांना कोर्टात खेचले.

2008 मध्ये सुरू झालेल्या बँडकॅम्प या संकेतस्थळावर कलावंत स्वतःच विक्रेता होऊ शकतो. डिजिटल विक्रीतले 15 टक्के संकेतस्थळ घेते. विक्री 5,000 डॉलरवर गेली की 10 टक्के. पैसे चुकते करण्याच्या व्यवहाराचे शुल्क त्याखेरीज कापले जाते.