वेगमापक केबल व मोटारीतील मापके (दुरुस्ती)

वेगमापक केबल व मोटारीतील मापके : जुन्या मोटारीच्या डॅशबोर्डवर बसवलेली वेग, अंतर, इंधन, तापमान, तेलाचा दाब आणि विद्युत् प्रवाह दाखवणारी उपकरणे, तसेच वेगमापकाला गिअरबॉक्सशी जोडणारी लवचिक पोलादी तार यांची देखभाल व दुरुस्ती हा या नोंदीचा विषय आहे. सातारा व सांगली जिल्ह्यांतील गॅरेजांत या सर्व उपकरणांना सरसकट ‘मीटर’ आणि तारेला ‘मीटरची केबल’ म्हणतात. इलेक्ट्रॉनिक संवेदकावर चालणाऱ्या अलीकडच्या मापकांचा येथे विचार केलेला नाही. फियाट 1100 व तिच्यापासून पुढे आलेली प्रीमियर पद्मिनी, हिंदुस्थान अँबेसेडर, स्टँडर्ड हेरल्ड, विलीज बनावटीची जीप आणि संस्थानी काळातील आयात मोटारी या गाड्या प्रामुख्याने डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत.

शोधाचा प्रश्न : अंतर मोजण्याची कल्पना फार जुनी आहे. रोमन वास्तुकार व्हिट्रूव्हिअस याने चाकाच्या ठरावीक फेऱ्यांनंतर पेटीत एक खडा पडेल अशा गाडीचे वर्णन केले आहे, आणि आजच्या अंतरमापकातील दातेरी चाकांची उतरंड तत्त्वतः तीच आहे. वेग थेट दाखवणाऱ्या साधनाचे श्रेय मात्र वेगवेगळ्या व्यक्तींना दिले जाते. आगगाडीचा वेग नोंदवणारे साधन चार्ल्स बॅबेज याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात योजले होते, म्हणून काही लेखक त्याच्यापासून सुरुवात करतात. क्रोएशियन लेखनात इस्त्रियाचा योसिप बेलुशिच याला हा मान मिळतो. त्याच्या विद्युत् वेगमापकाला 1888 मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीत एकस्व (पेटंट) मिळाले आणि पुढील वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात ते मांडले गेले. स्ट्रासबर्गचा ऑटो शुल्त्झ याने 1902 मध्ये जर्मनीत चुंबकीय वेगमापकाचे एकस्व घेतले. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधील बेलॉइट येथील वॉर्नर बंधूंनी त्याच सुमारास, बहुधा स्वतंत्रपणे, चुंबकीय तत्त्वावरचे साधन बाजारात आणले. बेलुशिचचे साधन घोडागाड्यांसाठी होते आणि वेगाबरोबर भाड्याच्या हिशोबाला लागणाऱ्या इतर नोंदीही करी, त्यामुळे त्याची गणना आजच्या टॅक्सीमीटरच्या पूर्वजांत करणे अधिक सयुक्तिक वाटते. दुरुस्तीच्या दृष्टीने पाहिले तर आज भारतात सापडणारे जवळजवळ प्रत्येक केबलचालित वेगमापक शुल्त्झच्या रचनेचे वंशज आहे, म्हणून प्रस्तुत नोंदीत तोच आरंभबिंदू धरला आहे.

या साधनाला गिऱ्हाईक मिळण्याचे एक कारण कायद्यात होते. ब्रिटनमध्ये 1903 च्या मोटार कायद्याने ताशी 20 मैलांची मर्यादा घातली आणि आपण ती ओलांडली नाही हे दाखवण्याची निकड मोटारवाल्यांना भासू लागली. प्रारंभीच्या काळात फिरत्या वजनांच्या केंद्रोत्सारी बलावर चालणारी आणि घड्याळाप्रमाणे ठरावीक क्षणांत फेऱ्या मोजणारी, म्हणजे क्रोनोमेट्रिक, अशी दोन्ही प्रकारची वेगमापके चुंबकीय वेगमापकांशी स्पर्धा करीत होती. क्रोनोमेट्रिक मापकाचा काटा सरकत न जाता टप्प्याटप्प्याने उडी मारतो. जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींवर तो अजून दिसतो आणि अनभिज्ञ दुरुस्तीकार ही उडी बिघाड समजून चांगले मापक उघडतो.

कार्यतत्त्व : तांब्याची तबकडी फिरवली असता तिच्यावर टांगलेली चुंबकसूची तिच्यामागे ओढली जाते, हे फ्रेंच शास्त्रज्ञ आरागो याने 1824 च्या सुमारास पाहिले. त्याचा उलगडा फॅराडेच्या विद्युत् चुंबकीय प्रवर्तनाच्या शोधानंतर, म्हणजे 1831 नंतर, झाला. वेगमापकात भूमिका उलट असतात : केबल चुंबक फिरवते, त्याच्याभोवती स्पर्श न करता बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या वाटीत भोवऱ्यासारखे प्रवाह निर्माण होतात आणि वाटी चुंबकामागे वळू पाहते. केसासारखी बारीक कमान तिला मागे धरून ठेवते. वाटीवरील पीळ फेऱ्यांच्या वेगाच्या प्रमाणात वाढत असल्याने वाटीच्या आसाला जोडलेला काटा समान अंतराच्या खुणांवर फिरतो. ॲल्युमिनियमचा विद्युत् रोध उष्णतेने वाढतो आणि काटा कमी दाखवू लागतो. ही चूक भरून काढण्यासाठी चुंबकाजवळ निकेलच्या मिश्रधातूची कडी बसवलेली असते. साफ करताना ती गंजलेली वॉशर समजून फेकून दिली, तर ते मापक थंडीत एक व उन्हाळ्यात दुसरा वेग दाखवील.

वाटी व चुंबक यांचा कोठेही स्पर्श नसतो, त्यामुळे या भागात झिजण्यासारखे फारसे काही नाही. बहुतेक तक्रारींचे मूळ केबलमध्ये, तिच्या टोकांशी किंवा गिअरबॉक्समधील लहान दातेरी पिनियनमध्ये असते. यावरून दुरुस्तीचा क्रम ठरतो : तपासणी खालून वर करावी आणि मापकाचे डोके (तबकडी, काटा, वाटी व चुंबक असलेला भाग) सर्वांत शेवटी उघडावे. काटा व अंतराचे आकडे दोन्ही स्थिर असतील तर केबल तुटली आहे किंवा पिनियनचे दाते गेले आहेत. आकडे पुढे सरकतात पण काटा हलत नाही, तर दोष डोक्यात आहे. काटा चालतो व आकडे अडकतात, तर अंतरमापकातील वर्म (मळसूत्रासारखे दाते असलेला आस) किंवा आकड्यांची चाके पाहावीत. एवढी विभागणी केली तरी अनेक मापके विनाकारण उघडली जाण्यापासून वाचतात.

केबल : आतील तार ही एकावर एक, आलटून पालटून उलट दिशांनी गुंडाळलेल्या बारीक पोलादी तारांच्या थरांची असते आणि तिची टोके दाबून चौकोनी केलेली असतात. बाहेरील आवरण वळलेल्या पोलादी पट्टीचे असते. काटा थरथरत असेल तर आतील तार बाहेर काढून, सपाट टेबलावर ठेवून बोटांनी लोळवावी. जेथे ती उडी मारते तेथे मुरड आहे. दुसरी कसोटी म्हणजे तारेचा इंग्रजी यू अक्षरासारखा बाक करून एक टोक हळू फिरवावे. दुसरे टोक झटके देत फिरले तर तार निकामी आहे. मुरड हातोडीने सरळ करण्याचा प्रयत्न गॅरेजमध्ये होतो, परंतु पोलादाने घेतलेली मोड पूर्णपणे जात नाही आणि थरथर थोड्याच दिवसांत परतते.

बसवताना वळण सुमारे 15 सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा लहान नसावे, विशेषतः मापकाच्या मागे, कारण डॅशबोर्ड आत ढकलताना केबल तेथेच दुमडते. स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीच्या बनावटीच्या मापकांत आतील तार आवरणाच्या वरच्या टोकातून सुमारे 10 मिलिमीटर बाहेर आलेली असावी लागते. ती जास्त बाहेर असेल तर नट आवळताच मापकाच्या आसावर दाब येतो आणि त्याचे बेअरिंग खाल्ले जाते. ग्रीस खालच्या दोन-तृतीयांश भागालाच, हलक्या हाताने लावावे. वरचा भाग मुद्दाम कोरडा ठेवतात, कारण फिरणारी तार स्क्रूसारखे काम करून ग्रीस वर चढवते, ते वाटीत शिरते आणि काटा एका जागी चिकटतो. गिअरबॉक्सच्या टोकाचे तेल-सील गेले असल्यास गिअर ऑइलही याच मार्गाने चालकासमोर पोहोचते, आणि अशा वेळी डोके कितीही वेळा धुतले तरी सील बदलल्याशिवाय दुरुस्ती टिकत नाही. प्रत्येक केबल गिअरबॉक्समधून निघते असे नाही. फोक्सवॅगन बीटलमध्ये ती पुढच्या डाव्या चाकाच्या मध्यातून निघते. स्कूटरमध्येही पुढचे चाकच केबल फिरवते. साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात ‘प्रिया’ स्कूटर तयार होत असे, त्यामुळे मोटारीशी संबंध न आलेल्या अनेक सातारकरांनाही तेल पाजलेली मीटरची केबल परिचयाची आहे.

अचूकता : मापकाचे प्रमाण केबलच्या दर मैलास किंवा दर किलोमीटरला होणाऱ्या फेऱ्यांवर ठरते. स्मिथ्सच्या तबकडीवर तळाशी बारीक अक्षरांत छापलेल्या क्रमांकातील शेवटची संख्या मैलामागील फेऱ्या सांगते. फेऱ्यांची संख्या 1000 असेल तर मिनिटाला 1000 फेऱ्यांवर काट्याने ताशी 60 मैल दाखवले पाहिजेत, आणि हे गती ठाऊक असलेल्या ड्रिलने टेबलावर पडताळता येते. गाडीचे स्वतःचे प्रमाण काढण्यासाठी केबलचे वरचे टोक सोडवून त्यावर कागदी पताका लावावी, गाडी सरळ रेषेत 10 मीटर ढकलावी आणि पताकेच्या फेऱ्या मोजून शंभराने गुणाव्यात, म्हणजे किलोमीटरमागील फेऱ्या मिळतात. मैलास 1000 फेऱ्यांच्या मापकाला येथे सुमारे 6.2 फेऱ्या अपेक्षित आहेत. यात मोठी तफावत आली तर गिअरबॉक्स, डिफरन्शियल (चाकांना गती वाटून देणारा गिअरसंच) किंवा टायरचा आकार कधीतरी बदलला गेला आहे असे समजावे.

भारतात वजने व मापांसाठी 1956 च्या कायद्याने दशमान पद्धती आली आणि ती 1962 पर्यंत टप्प्याटप्प्याने रुजली. त्यामुळे त्याआधीच्या गाड्यांवर मैलांच्या तबकड्या आढळतात. केवळ तबकडी बदलून किलोमीटर वाचता येत नाहीत, कारण अंतरमापकाचे वर्म मैलांचेच राहते. मूळ तबकडी ठेवून आकड्यांच्या बाहेर किलोमीटरची बारीक खूण करणे अधिक चांगले.

डोके उघडणे अटळ असेल तर काटा काढण्यापूर्वी तो शून्याच्या खुंटीवरून हलकेच उचलून कमान मोकळी असताना कोठे थांबतो याची खूण करून घ्यावी. ही खूण चुकली की पुढची सर्व मोजणी अंदाजाची होते. हे काम खरे पाहता घड्याळजीचे आहे आणि ते घड्याळजीकडूनच करून घ्यावे. तबकडीवरील छपाई पेट्रोल वा थिनरने पुसली जाते, म्हणून तिला कोरड्या मऊ ब्रशपलीकडे काही लावू नये.

इतर मापके : तेलदाबाचे यांत्रिक मापक बूर्दाँ नळीवर चालते. यूजीन बूर्दाँ याने 1849 मध्ये एकस्व घेतलेली ही चपटी, वाकवलेली नळी दाबाने सरळ होऊ पाहते. तिचे बिघाड बहुधा तांब्याच्या बारीक पाइपच्या जोडापाशी असतात. तापमापक त्याच नळीचे असले तरी त्याच्या बंद पाइपमध्ये ईथर भरलेले असते. पाइप तुटला की ईथर उडून जाते. अशा वेळी दुसऱ्या चालू मापकाचा बल्ब (पाइपच्या टोकाची, तापमान घेणारी कुपी) बर्फ व मीठ यांच्या मिश्रणात बुडवून ईथर द्रवरूपात ठेवतात, त्याचा पाइप कापतात आणि जुन्या डोक्याला डाख देऊन जोडतात. ईथर अत्यंत ज्वालाग्राही असल्याने हे काम मोकळ्या हवेत, उघड्या ज्योतीशिवाय करावे.

विद्युत् मापकांत दोन कुळे आहेत. लोखंडी पाते व दोन गुंडाळ्या असलेल्या जुन्या मापकाचा काटा किल्ली फिरवताच झटकन उठतो, तर दोन धातूंची पट्टी तापून वाकणाऱ्या मापकाचा काटा सावकाश चढतो. दुसऱ्या प्रकाराला सरासरी 10 व्होल्ट पुरवणारा स्थिरक लागतो. इंधन व तापमान ही दोन्ही मापके एकाच वेळी जास्त किंवा कमी दाखवू लागली तर मापकांना हात न लावता स्थिरक व त्याचे अर्थिंग तपासावे. टाकीकडील तार अर्थ केली असता सावकाश चढणारे मापक ‘भरलेली’ दाखवते, जुन्या झटपट मापकांपैकी पुष्कळसे ‘रिकामी’ दाखवतात. हा फरक ठाऊक नसल्यामुळे चांगले फ्लोट युनिट (टाकीतील इंधनाची पातळी कळवणारा तरंगता भाग) बदलले जाते. अँपियर मीटरमधून गाडीचा जवळजवळ सर्व प्रवाह जातो, त्यामुळे त्याच्या मागचा सैल नट हा आगीचा धोका आहे आणि डॅशबोर्डमागे हात घालण्यापूर्वी बॅटरीची तार काढणे आवश्यक आहे.

स्थानिक परिस्थिती : वाईहून पसरणी घाटाने पाचगणी-महाबळेश्वरकडे किंवा कराडहून कुंभार्ली घाटाने चिपळूणकडे जाणाऱ्या जुन्या गाडीला वेगमापकापेक्षा तापमापकाची गरज अधिक असते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,370 मीटर उंचीवर असून तेथे पाणी सुमारे 95 अंश सेल्सिअसला उकळते. दाबाचे झाकण नसलेला जुना रेडिएटर त्यामुळे काटा लाल खुणेला पोहोचण्यापूर्वीच उकळू शकतो. दुरुस्तीचा खर्च टप्प्याने करायचा असेल तर तापमापक व तेलदाब आधी घ्यावेत. तेथील पावसाळ्यात काचेच्या आत दव धरते. काचेखालची रबरी कडी बदलल्याने बहुधा ते थांबते.

सांगलीचा प्रश्न पुराचा आहे. कृष्णेच्या 2005, 2019 व 2021 मधील पुरांत शहरातील अनेक वाहने पाण्याखाली गेली. पुराच्या गाळाचे कण केबलच्या आवरणात शिरून पॉलिश पेपरसारखे काम करतात, म्हणून अशी केबल धुऊन वापरण्यापेक्षा पूर्ण बदलणे श्रेयस्कर होय. मापके मात्र बदलू नयेत. बॅटरी जोडण्यापूर्वी ती काढून, डोके ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून मगच विद्युत् चाचणी घेतल्यास त्यांपैकी पुष्कळ वाचू शकतात. ओलसर डोक्यात प्रवाह सोडणे हेच बऱ्याचदा अंतिम नुकसानीचे कारण ठरते.

रेडियमयुक्त तबकड्या : दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील जीप व त्याआधीच्या काही मोटारींच्या काट्यांवर व आकड्यांवर अंधारात चमकणारा रेडियमयुक्त रंग असू शकतो. चमक गेली तरी धोका जात नाही, कारण निकामी होतो तो जस्त सल्फाइड. रेडियम-226 चा अर्धायुकाल सुमारे 1,600 वर्षे आहे. असा रंग खरवडू नये, त्याची भुकटी फुंकू नये आणि शक्य असल्यास काच उघडूच नये. तबकडीवरील हा रंग तपकिरी पडून त्याच्या कडा सुटू लागल्या असतील तर ते मापक बंद प्लास्टिक पिशवीत ठेवावे आणि गाडीसाठी दुसरे बसवावे. मूळ मापकाचा अंतराचा आकडा गाडीच्या वहीत तारखेसह लिहून ठेवावा.