पिओनी: लावताना दोन इंच, त्यानंतर एक वही

मिशिगनमधल्या आमच्या मराठी ग्राहकांसाठी

आमच्याकडून आलेल्या खोक्यात पिओनीचा, म्हणजे दरवर्षी मोठी फुलं देणाऱ्या या झाडाचा, माती नसलेला, वाळल्यासारखा दिसणारा मुळांचा गड्डा असेल. तो मेलेला नाही. नीट पाहिलंत तर वरच्या बाजूला गुलाबी-लालसर टोकं दिसतील. उसाच्या बेण्यावर असतात तसेच हे डोळे. पुढच्या वसंतातले कोंब यातूनच येतात. तीन ते पाच डोळ्यांचा गड्डाच आम्ही पाठवतो. त्याहून लहान गड्डा जगतो, पण फुलायला फार वेळ घेतो.

लावायची वेळ सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. गणपती, गौरी आटोपल्या की जागा ठरवून खड्डा तयार ठेवा, म्हणजे दिवाळीच्या गडबडीआधी काम होईल. दिवसाला किमान सहा तास ऊन हवं, पाणी साचता कामा नये आणि दोन झाडांत तीन फूट अंतर हवं. आपल्या भागातली माती बऱ्याच ठिकाणी चिकण आहे, तेव्हा खड्डा रुंद खणा आणि त्यात चांगलं कुजलेलं कंपोस्ट मिसळा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डोळ्यांवर माती एक ते दोन इंचच असावी, त्याहून जास्त नको. ‘पानं भरपूर, फूल एकही नाही’ ही तक्रार आली की आम्ही आधी खोलीच विचारतो. खड्ड्यातली भुसभुशीत माती पाणी घातल्यावर बसते आणि गड्डा तिच्यासोबत खाली जातो. म्हणून आधी तळाची माती पायाने दाबून घ्या, गड्डा ठेवा, खड्ड्यावर आडवी काठी टाकून पट्टीने मोजा आणि मगच झाका. पहिल्या हिवाळ्यात जमीन गोठल्यावर वर थोडा पेंढा पसरा आणि वसंतात तो आठवणीने काढा, कारण तो तसाच राहिला तर डोळे पुन्हा खोल गेल्यासारखेच होतात.

पहिल्या वर्षी फुलाची अपेक्षा ठेवू नका. दुसऱ्या वर्षी एखाददुसरं येईल, खरा बहर तिसऱ्या वर्षापासून. पण नीट बसलेली पिओनी पन्नास वर्षंही सहज फुलते. इतक्या सावकाश उत्तर देणाऱ्या झाडाच्या बाबतीत आपली स्मरणशक्ती पुरत नाही. म्हणून आमचा आग्रह आहे की वही ठेवा.

वहीत पहिल्या पानावर वाफ्याचा नकाशा काढा. ‘कुंपणाजवळ’ असं मोघम लिहू नका. घराच्या कोपऱ्यापासून किती फूट, ते लिहा. हिवाळ्यात जमिनीवर काहीच उरत नाही आणि मार्चमध्ये फावडं नेमकं डोळ्यांवर पडतं. पाटीवरची मार्करची शाई उन्हाने उडते. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर टोकदार पेन्सिलीने कोरलेलं नाव टिकतं. नाव एकदा हरवलं की नुसत्या फुलावरून ते पुन्हा ठरवणं फार अवघड, कारण गुलाबी दुहेरी (भरगच्च पाकळ्यांच्या) पिओनीचे शेकडो प्रकार आहेत.

त्यानंतर दरवर्षी एवढंच नोंदवा: लागवडीची तारीख आणि खोली, पहिला कोंब, पहिली कळी, पहिलं फूल, देठांची संख्या. त्या नोंदीशेजारी उशिरा पडलेला हिमकडाका किंवा मोठा पाऊस लिहा. दोन-तीन वर्षांत तुमच्याच अंगणाचं वेळापत्रक हाती येतं. ‘कोरल चार्म’ हा प्रकार घ्या: ती लवकर येते आणि फूल उमलताना तिचा पोवळ्यासारखा रंग फिकट पिवळसर होत जातो. चुकीचं झाड आलं असं समजू नका. 1851 ची पांढरी ‘फेस्टिव्हा मॅक्झिमा’ साधारण हंगामाच्या मध्याच्या आधी, तर फ्रान्समधल्या लेमोइन रोपवाटिकेची 1906 ची ‘सारा बर्नार्ड’ बहुतेकांच्या नंतर. अशी निवड केली तर बहर महिनाभर पुरतो. एकाच जागी अनेक प्रकार पाहायचे असतील तर जूनच्या सुरुवातीला ॲन आर्बरच्या निकल्स आर्बोरेटम या वृक्षोद्यानात जा आणि वही सोबत न्या.

कळ्यांवर मुंग्या दिसल्या तर फवारणी करू नका. कळीच्या बाहेरून पाझरणारा गोड रस त्या खातात, झाडाला अपाय नाही. कळ्या वाटाण्याएवढ्या होऊन काळ्या पडल्या तर मात्र बुरशीचा संशय घ्या. तो भाग कापून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. शरद ऋतूत पानं सुकली की देठ जमिनीलगत कापावेत. ‘बार्टझेला’सारख्या इतोह जातीचे (झुडपी आणि साध्या पिओनीचा संकर) मात्र चार-पाच इंच ठेवा, कारण तिच्या देठावरही डोळे धरतात.

फुलदाणीसाठी कळी रंग दाखवू लागली आणि बोटांनी दाबल्यावर मऊ लागली की कापा. दुहेरी फुलं पावसात जड होऊन लवतात, तेव्हा कोंब गुडघ्याएवढे होण्याआधीच तारेचं कडं लावून ठेवा.

‘पुण्याला आईकडे एक गड्डा नेऊ का?’ असं आम्हाला नेहमी विचारतात. नेऊ नका. कळी धरायला पिओनीला हिवाळ्यात काही आठवडे 40 अंश फॅरनहाइटच्या खालची थंडी लागते, ती पुण्यात मिळत नाही. भारतात पिओनी आहे, पण हिमालयात. काश्मीरपासून उत्तराखंडपर्यंत तिची पांढरी, एकेरी फुलांची जंगली जात उगवते.

तीन वर्षांनंतरही फूल आलं नाही, तर वहीतल्या त्या पानाचा फोटो काढून आम्हाला पाठवा. खोली, ऊन आणि जवळच्या हिरवळीला घातलेलं नत्राचं खत, या तिन्हींपैकी काय आड येतंय ते त्यावरून बहुधा कळतं आणि गड्डा हलवायचा झाला तर सप्टेंबरची वाट पाहायची.