चिमुकल्या पडद्यामागे लपवलेला डेस्कटॉप

ऑक्टोबर २००७ मध्ये आसुस कंपनीचा छोटा लॅपटॉप 'ई पीसी ७०१' आला. पडदा ७ इंची, तोही ८०० बाय ४८० पिक्सेलचा; रॅम ५१२ एमबी, साठवणीला ४ जीबी. सुरू केला की विंडोवाला नेहमीचा डेस्कटॉप दिसायचाच नाही. वर इंटरनेट, वर्क, लर्न, प्ले असे टॅब आणि खाली मोठाली चित्रं. चित्रावर क्लिक केलं की प्रोग्रॅम हजर. आत विंडोजऐवजी झँड्रॉस लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम होती आणि तिचा 'केडीई' नावाचा नेहमीसारखा डेस्कटॉप नुसता झाकून ठेवलेला होता. सॉफ्टवेअरची दोन-तीन पॅकेजं टाकून मशीन पुन्हा सुरू केलं, की शटडाउनच्या विंडोत 'फुल डेस्कटॉप' असं बटण उगवायचं. हौशी लोकांनी ते लगेच शोधून काढलं.

शोधल्यावर कळायचं की झाकलं होतं ते काही उगाच नाही. तेव्हाचे बरेच प्रोग्रॅम निदान ६०० पिक्सेल उंची गृहीत धरून लिहिलेले. सेटिंग्जची विंडो उघडली की ओके आणि कॅन्सल थेट पडद्याच्या खाली बुडालेले. मग ऑल्ट दाबून धरायचं, माउसने अख्खी विंडो वर सरकवायची आणि ते ओके गाठायचं. 'पूर्ण' डेस्कटॉपची ही किंमत होती.

त्याच सुमाराचा ओएलपीसीचा ('वन लॅपटॉप पर चाइल्ड' या उपक्रमाचा) मुलांसाठीचा लॅपटॉप जास्त धाडसी होता. त्याच्या 'शुगर' इंटरफेसने डेस्कटॉप लपवला नाही, मुळातच नाकारला. फाइल-फोल्डर नाहीत, काय काय केलं याची आपोआप लिहिली जाणारी रोजनिशी, 'जर्नल'. पुढे याच लॅपटॉपच्या एक्सओ-१.५ मॉडेलवर मात्र शुगरच्या शेजारी ग्नोम हा लिनक्सचा नेहमीसारखा डेस्कटॉपही देण्यात आला.

ई पीसीच्या टॅबवाल्या इंटरफेसचा बाजार विंडोज एक्सपीने उठवला. जून २००८ नंतर एक्सपीची सर्वसाधारण विक्री थांबली, तरी मायक्रोसॉफ्टने या छोट्या मशीनसाठी एक्सपी होम चालू ठेवली. ओके तिथेही बुडायचंच, पण लोकांच्या हाताला सवय एक्सपीची होती. २००९ मधल्या विंडोज ७ स्टार्टरमध्ये तर वॉलपेपरही बदलता येत नसे. एका वेळी तीनच प्रोग्रॅम चालवू देण्याचा बेतही होता, तो बाजारात येण्याआधी सोडून दिला. याला साधेपणा म्हणायचं की नुसती कात्री?

नंतर गाडी उलटी फिरली. उबुंटू या लिनक्सने छोट्या पडद्यांसाठी केलेला युनिटी हा इंटरफेस ऑक्टोबर २०१० मध्ये नेटबुक (म्हणजे छोट्या लॅपटॉपच्या) आवृत्तीत आला आणि एप्रिल २०११ मध्ये सगळ्यांच्याच माथी बसला. भल्यामोठ्या मॉनिटरवर काम करणारे चिडले ते साहजिकच. २०१२ मध्ये विंडोज ८ ने टॅबलेटची टाइलवाली स्क्रीन डेस्कटॉप कॉम्प्युटरवर आणून तोच राग ओढवून घेतला. पुढच्याच वर्षी ८.१ मध्ये स्टार्ट बटण परत आलं. युनिटी सोडत असल्याचं उबुंटूने २०१७ मध्ये जाहीर केलं.

गूगलच्या सिस्टिमवर चालणारा लॅपटॉप, क्रोमबुक, २०११ मध्ये आला तेव्हा त्यात फक्त ब्राउझर होता. वर्षभरातच खाली पट्टी आली, हलवता येणाऱ्या विंडो आल्या. आयपॅडला जास्त वेळ लागला. २०१० मध्ये पडद्यावर एका वेळी एकच ॲप, २०१५ मध्ये शेजारी-शेजारी दोन. २०२५ च्या आयपॅडओएस २६ मध्ये विंडो हव्या तशा ओढता-ताणता येतात, आणि त्यांच्या डाव्या कोपऱ्यात लाल, पिवळा, हिरवा असे तीन ठिपके आहेत, थेट मॅकवरचे.