क्षयरोगाचा कुटुंबावरील भार

क्षयरोगामुळे (टी.बी.) रुग्णाच्या घरावर येणारा पैशाचा, कष्टाचा आणि सामाजिक ताण. भारतात सरकारी दवाखान्यांत या रोगाची तपासणी आणि औषधे मोफत आहेत, तरीही क्षयाने घरे कर्जात बुडतात.

खर्चाची सुरुवात निदानाच्या आधीच होते. खोकला लांबला की माणूस बहुधा जवळच्या खासगी डॉक्टरकडे जातो. खोकल्याची बाटली, गोळ्या, एक्स-रे, मग दुसरा डॉक्टर असे करताना थुंकीची तपासणी होईपर्यंत कित्येक आठवडे निघून जातात. त्याहून मोठा फटका बुडालेल्या मजुरीचा. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो आणि सुरुवातीला अंगात उभे राहायचीही ताकद नसते. रोजंदारीवर खाड्याचे पैसे मिळत नाहीत. सोबत दवाखान्यात येणाऱ्याचाही रोज बुडतो. हातउसने, गहाण पडलेले दागिने, मुलांची सुटलेली शाळा हे सगळे त्यामागून येते. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयात (एमडीआर) पूर्वी उपचार दीड-दोन वर्षे चालत, आणि त्यातल्या इंजेक्शनांनी काहींची ऐकण्याची शक्तीही गेली.

उपचार, प्रवास आणि बुडालेली कमाई मिळून घराच्या वार्षिक उत्पन्नाच्या 20 टक्क्यांहून अधिक झाली, तर जागतिक आरोग्य संघटना त्याला ‘आपत्तिकारक खर्च’ म्हणते. 2020 पर्यंत एकाही कुटुंबावर ही वेळ येऊ नये, असे उद्दिष्ट होते. ते साधले नाही. जगभरात क्षयरुग्णांची जवळपास निम्मी कुटुंबे या रेषेपलीकडे आहेत.

लोकलाजेचाही खर्च असतो आणि तो कुठल्याच पावतीवर दिसत नाही. ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून रुग्ण लांबच्या दवाखान्यात जातो, भाडे वाढते. लग्न मोडेल या धास्तीने मुलीचा आजार लपवला जातो. सुनेला माहेरी धाडले की औषधपाण्याचा भार माहेरावर पडतो. घरात ताट-वाटी वेगळी होते. वास्तविक क्षय हवेतून पसरतो, भांड्यांतून नाही, आणि योग्य औषधे सुरू झाल्यावर संसर्गाचा धोका झपाट्याने उतरतो.

एप्रिल 2018 पासून निक्षय पोषण योजनेत रुग्णाच्या खात्यावर महिना 500 रुपये जमा होऊ लागले. नोव्हेंबर 2024 पासून ते 1,000 झाले. घर उपाशी असताना ही रक्कम एकट्या रुग्णाच्या ताटात पडत नाही, सर्वांत वाटली जाते. झारखंडमधील ‘रेशन्स’ अभ्यासात म्हणूनच घरच्यांनाही शिधा दिला गेला. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, त्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण 39 टक्क्यांनी कमी आढळले.