अकॅडमिक ॲडव्हायझिंग (मुंबईतली पदवी कॉलेजं)

अकॅडमिक ॲडव्हायझिंग म्हणजे पदवीच्या मुलांना कुठले विषय घ्यायचे, मेजर (मुख्य विषय) कशात करायचा, क्रेडिट (पदवीसाठी जमवायची अभ्यासाची एककं) कसे भरायचे हे समोर बसवून सांगणं. मुंबईत हा शब्द फारसा कोणी वापरत नाही, इथे "सरांना विचार" किंवा "सिनियरला विचार" एवढंच म्हणतात. पवईच्या आयआयटीत मात्र त्यासाठी रीतसर नेमलेला प्राध्यापक असतो, फॅकल्टी ॲडव्हायझर, पोरांच्या तोंडी फॅकॅड.

पद्धत मूळची अमेरिकेतली. १८६९ मध्ये चार्ल्स एलियट हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि ठरावीक अभ्यासक्रमाच्या जागी विषय निवडायची मोकळीक वाढवत गेले, मग काय निवडायचं हे सांगणारं माणूसही लागायला लागलं. पुढे १९७२ मध्ये बर्न्स क्रुकस्टन या अमेरिकी प्राध्यापकांनी सल्लागाराचे दोन प्रकार सांगितले. एक डॉक्टरसारखा, हे घे ते घे म्हणून लिहून देणारा, आणि दुसरा मुलाशी बोलत बोलत त्यालाच ठरवायला लावणारा. आपल्याकडे बहुतेक पहिलाच भेटतो, कारण लेक्चरं, पेपर तपासणं आणि नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) फायली यातून सरांना दुसरा व्हायला वेळ कुठे आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ चं, पण निवडीचा प्रश्न बरीच वर्षं छोटाच होता. बीएला एफवायला (पहिल्या वर्षी) विषय घ्यायचे, एसवायला (दुसऱ्या) कमी करायचे आणि टीवायला (तिसऱ्या) एकाच विषयाचे सहा पेपर नाहीतर दोन विषयांचे तीन-तीन. म्हणजे खरा निर्णय एकदाच, टीवायच्या तोंडावर, आणि तो कँटीनमध्ये व्हायचा. "इकोला केटी लागते रे, हिस्ट्री घे" असल्या एका वाक्यावर लोकांनी पदव्या ठरवल्यात (मीही त्यातलाच, आणि केटी, म्हणजे नापास होऊन पेपर पुन्हा देणं, हिस्ट्रीला लागली).

नव्या शैक्षणिक धोरणाने हे सगळं गुंतागुंतीचं केलं. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून स्वायत्त कॉलेजांत आणि २०२४-२५ पासून बाकीच्या संलग्न कॉलेजांत मेजर, मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी (व्यावसायिक कौशल्य), एसईसी (कौशल्यवाढ), एईसी (क्षमतावाढ, मुख्यतः भाषा), व्हीईसी (मूल्यशिक्षण), भारतीय ज्ञान प्रणाली अशी सगळी फौज आली. साधारण २२ क्रेडिटचं एक सेमिस्टर, तीन वर्षांचे १३२, चार वर्षांचे १७६. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे १५ तास. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर बाहेर पडून सर्टिफिकेट किंवा डिप्लोमा घेता येतो, पण त्यासाठी वेगळे ४ क्रेडिट करावे लागतात, आणि हे बऱ्याच जणांना अर्ज करतानाच कळतं. क्रेडिट जमा होतात अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे मुलाच्या ऑनलाइन खात्यात. त्या खात्याचा आयडी आधीच काढून ठेवलेला बरा, ऐन वेळी आधारवरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव जुळत नाही आणि मग पोरगं आधार केंद्र आणि कॉलेजचं ऑफिस असं हिंडत बसतं.

सल्ल्याची खरी गरज लागते ती इथे. ओपन इलेक्टिव्ह मेजरच्या फॅकल्टीबाहेरचं घ्यावं लागतं, म्हणजे सायन्सच्या मुलाला आर्ट्स किंवा कॉमर्सकडे बघावं लागतं, आणि कागदावर दहा नावं असली तरी शिकवायला सर आहेत का, पुरेशी मुलं आहेत का, टाइमटेबलमध्ये मेजरशी टक्कर होते का यावर त्यातली दोन-तीनच उरतात. त्यामुळे चांगला सल्लागार आवड विचारायच्या आधी "टीवायला हा विषय इथे चालतो का" ते बघायला सांगतो. नाही चालला तर मेजर बदला नाहीतर कॉलेज बदला. दुसरं, सोडलेला विषय. एफवायला गणित टाकून दिलं की पुढे स्टॅटिस्टिक्सच्या एमएस्सीकडे जाणं अवघड होतं, हे अठराव्या वर्षी कोणाच्या डोक्यात येणार. तिसरं, चौथं वर्ष करायचं का. रिसर्चसह ऑनर्स हवा असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात, म्हणजे एफवायपासूनच मार्क सांभाळायचे. चार वर्षं केली की मास्टर्स एका वर्षात होऊ शकतं, हा हिशोब घरी बाबांना आधी पटतो, मुलाला नंतर.

मुंबईत आणखी एक गोष्ट कुठल्याही पत्रकात नसते, ती म्हणजे लोकल. बदलापूरहून चर्चगेटला येणाऱ्या मुलीला सातच्या लेक्चरचा विषय घे म्हणणं सोपं आहे, पण तिला घर पाचच्या आत सोडावं लागतं. चांगल्या मेंटरला हे विचारावं लागतं.

मेंटर-मेंटी योजना आता बहुतेक कॉलेजांत आहे, नॅकच्या मूल्यांकनात मेंटरमागे किती विद्यार्थी हे प्रमाण विचारलं जातं म्हणून. नोंदवही नीट भरलेली असते, भेट झालेली असेलच असं नाही. प्रत्यक्षात सल्ला देतात सिनियर, क्लासवाले, ऑफिसमधल्या ताई, आणि कॉलेजसमोरचा झेरॉक्सवाला. कुठल्या विषयाच्या नोट्स सगळ्यात जास्त जातात हे त्याला बरोबर माहीत असतं, आणि त्यावरून तो "हा घे, नोट्स मिळतात" असं सांगतो, आणि पोरं घेतातही. आयआयटीत हेच काम सिनियरांकडून रीतसर करून घेतात, डिपार्टमेंटच्या पातळीवर डॅम्प नावाची मेंटरशिप आहे, त्यात वरच्या वर्षाची मुलं कोर्सबद्दल खालच्यांना सांगतात.