लॉ फर्मची मुलाखत आणि असेसमेंटचा दिवस : मुंबईतल्या विधी विद्यार्थ्यांसाठी पात्रता, कागदपत्रं आणि तयारी

मागच्या पावसाळ्यात आमच्या फोर्टच्या ऑफिसात एक मुलगी इंटर्नशिपच्या मुलाखतीला आली होती. दोन पानी, नीटनेटका सीव्ही. भाषांच्या रकान्यात फक्त इंग्रजी आणि हिंदी. बोलता बोलता कळलं, की शाळा जुन्नर तालुक्यात मराठी माध्यमात झाली आणि घरच्या जमिनीचे फेरफार तिनेच तलाठी कार्यालयात खेटे घालून काढले होते. त्याच आठवड्यात आमची रिअल इस्टेट टीम भिवंडीतल्या एका गोदामाच्या जमिनीचं टायटल, म्हणजे मालकी हक्क, तपासत होती आणि जुने, हाताने लिहिलेले फेरफार वाचणारं माणूस शोधत होती. "मराठी का नाही लिहिलंस?" असं विचारलं तर म्हणाली, "मॅडम, कॉर्पोरेट फर्मला कशाला लागेल, असं वाटलं."

ही माहिती तिच्यासारख्या मुलामुलींसाठी लिहिते आहे. मोठ्या फर्मचं दार बंद असतं असं मानून अर्जच न करणारे आणि अर्ज करताना स्वतःची जमेची बाजू खोडून टाकणारे, असे दोन्ही प्रकारचे विद्यार्थी मी दरवर्षी बघते.

पात्रता

लॉ फर्म खासगी असतात, त्यामुळे सगळ्यांना लागू पडेल असा एकच नियम नाही. पण पाया सारखाच असतो : बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता असलेल्या कॉलेजातून तीन किंवा पाच वर्षांचा एलएलबी. चर्चगेटचं शासकीय विधी महाविद्यालय असो, फोर्टमधलं सिद्धार्थ असो, माटुंग्याचं न्यू लॉ असो की राष्ट्रीय विधी विद्यापीठ, पदवीचं कायदेशीर मोल सारखंच. अर्ज साधारण शेवटच्या किंवा त्याच्या आधीच्या वर्षात करतात. काही फर्म ठरावीक टक्केवारी मागतात. तसं असेल तर ते जाहिरातीत लिहिलेलं असतं. केटी लागली असेल, म्हणजे एखादा विषय राहिला असेल, तर लपवू नका. मार्कशीट शेवटी द्यावीच लागते आणि तेव्हा प्रश्न केटीचा राहत नाही, खोटेपणाचा होतो.

सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, नसली तरी अर्ज करता येतो. पण कोर्टात उभं राहायचं तर १९६१च्या अॅडव्होकेट्स कायद्याखाली बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे नोंदणी लागते आणि ऑल इंडिया बार एक्झामिनेशन उत्तीर्ण व्हावं लागतं. नोंदणीच्या खर्चाची धास्ती घेऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४च्या निकालात स्पष्ट केलं आहे, की कायद्यात दिलेल्या रकमेपेक्षा जास्त नोंदणी शुल्क राज्य बार कौन्सिलना घेता येणार नाही. ही रक्कम सर्वसाधारण उमेदवारांना ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना १२५ रुपये आहे. मुद्रांक शुल्क लागू असेल तर ते वेगळं.

मुंबईची एक खास वाट अजून आहे, सॉलिसिटरची. १८९४ साली स्थापन झालेली बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटी ही परीक्षा घेते आणि त्यासाठी सॉलिसिटरच्या हाताखाली आर्टिकलशिप, म्हणजे उमेदवारी, करावी लागते. फोर्टातल्या जुन्या फर्ममध्ये या पदवीला आजही वजन आहे. ज्या फर्मला अर्ज करता आहात तिथे आर्टिकल्ड क्लार्क घेतात का, हे मुलाखतीत खुशाल विचारा. तुम्ही लांबचा विचार करता आहात, हे समोरच्याला आपोआप कळतं.

अर्ज कुठून करायचा

राष्ट्रीय विधी विद्यापीठांत फर्म स्वतः कॅम्पसवर येतात. इतर कॉलेजांत ते प्रमाण कमी असतं. त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांची खरी वाट इंटर्नशिपची आहे. चार आठवड्यांचं काम बघून फर्म प्री-प्लेसमेंट ऑफर, म्हणजे पदवी हाती येण्याआधीच कामाचा प्रस्ताव, देते, तिलाच बोलीभाषेत पीपीओ म्हणतात. काही फर्म शेवटच्या वर्षाच्या इंटर्नशिपला उघडपणे 'असेसमेंट इंटर्नशिप' म्हणतात. म्हणजे तुमची मुलाखत चार आठवडे चाललेली असते, हे धरूनच रोज ऑफिसात पाऊल टाका.

बार कौन्सिलच्या २००८च्या विधी शिक्षण नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे इंटर्नशिप करायची असते. कोणत्याही वर्षात ती सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नसावी आणि निदान एकदा तरी ट्रायल आणि अपील चालवणाऱ्या वकिलांकडे झालेली असावी. ही वकिलाकडची इंटर्नशिप मुलं उरकून टाकतात, त्याचं वाईट वाटतं. किल्ला कोर्टात किंवा वांद्र्याच्या कोर्टात तारीख कशी पडते, वकीलपत्र कसं दाखल होतं, हे पाहिलेला इंटर्न आणि फक्त संगणकावर निकाल शोधलेला इंटर्न, यांतला फरक पहिल्या दहा मिनिटांत दिसतो.

मे महिन्याच्या सुट्टीत जागांसाठी झुंबड असते. परीक्षेचं वेळापत्रक जमत असेल तर इतर महिने मागा. अर्ज चार-सहा महिने आधी पाठवा आणि ईमेलच्या विषयातच नाव, कॉलेज, वर्ष आणि हवे असलेले आठवडे लिहा.

कागदपत्रं

एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये हे ठेवा आणि त्याच क्रमाने स्कॅन करून एक पीडीएफही बनवा :

- सीव्ही, जास्तीत जास्त दोन पानं
- त्या फर्मसाठी लिहिलेलं कव्हर लेटर
- दहावी, बारावी, पदवी असल्यास ती आणि एलएलबीच्या आतापर्यंतच्या सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट
- कॉलेजचं बोनाफाईड किंवा ओळखपत्र
- आधीच्या इंटर्नशिपची प्रमाणपत्रं, मूट कोर्टची (अभिरूप न्यायालय स्पर्धेची) असतील तर तीही
- आधार किंवा पॅन, मूळ प्रत
- सनद झाली असेल तर तिची प्रत
- रायटिंग सॅम्पल, म्हणजे तुमच्या कायदेविषयक लेखनाचा नमुना

नावाकडे लक्ष द्या. दहावीच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि लग्नानंतर तिसरं, असं आपल्याकडे सर्रास असतं. राजपत्रातली नोंद, विवाह प्रमाणपत्र किंवा प्रतिज्ञापत्र, जे असेल ते सोबत ठेवा आणि सीव्हीवर मार्कशीटवरचंच नाव लिहा.

रायटिंग सॅम्पलबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तिथे मी स्वतः चुकले होते. शेवटच्या वर्षात एका फर्मला नमुना म्हणून मी आधीच्या इंटर्नशिपमध्ये लिहिलेलं टिपण पाठवलं. अशिलाचं नाव तसंच राहिलं होतं. समोरच्या पार्टनरने कागद उलटा करून टेबलावर ठेवला आणि शांतपणे विचारलं, "उद्या आमच्या अशिलाचे कागद तुम्ही असेच दुसऱ्या कुणाला दाखवाल का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि ती मुलाखत तिथेच संपली. अशिलाचं गुपित हा या धंद्याचा प्राण आहे. मूटचं मेमोरियल, म्हणजे स्पर्धेसाठीचा लेखी युक्तिवाद, द्या, एखाद्या निकालावरचा तुमचा लेख द्या. ऑफिसातलं काम नावं काढूनसुद्धा परवानगीशिवाय बाहेर नेऊ नका.

असेसमेंटचा दिवस

इंग्लंडमधल्या फर्ममध्ये असेसमेंट डे ठरलेला असतो : लेखी काम, गटचर्चा, पार्टनरबरोबर मुलाखत, शिवाय बऱ्याच ठिकाणी वॉटसन ग्लेसर ही तर्काची चाचणी. या चाचणीत अनुमान, गृहीतकं ओळखणं, निष्कर्ष, अर्थ लावणं आणि युक्तिवादाचं मूल्यमापन असे पाच भाग असतात. भारतातून लंडनच्या ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टला (सॉलिसिटर होण्याआधीच्या उमेदवारीला) अर्ज करणाऱ्यांनी तिचा सराव वेगळा करावा. मुंबईच्या फर्म हीच अंगं आपापल्या पद्धतीने वापरतात. कुठे नुसती मुलाखत, कुठे आधी तासाभराचा लेखी पेपर, कुठे गटचर्चाही.

सगळ्यांत जास्त गळती लेखी कामात होते. समजा, तुमच्यासमोर पंधरा पानांचा नोकरीचा करार ठेवला. एका कलमात लिहिलं आहे, की नोकरी सोडल्यावर दोन वर्षं प्रतिस्पर्धी कंपनीत जाता येणार नाही. दुसऱ्या कलमात, करार मोडल्यास दहा लाख रुपये द्यावे लागतील. कंपनी आपली अशील आहे आणि तिला सल्ला हवा आहे.

पुष्कळ मुलं इथे इंग्लंडच्या कायद्यातली 'वाजवी बंधना'ची कसोटी लावून दोन पानं भरतात. आपल्याकडे १८७२च्या करार कायद्याचं कलम २७ आहे. व्यवसाय किंवा धंदा करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेत रद्दबातल असतो आणि कलमातला अपवाद आहे तो गुडविल, म्हणजे धंद्याचा नावलौकिक, विकण्याचा. म्हणून नोकरी सोडल्यानंतरचं बंधन आपल्या कोर्टात टिकणं फार अवघड. नोकरीच्या मुदतीतलं बंधन मात्र टिकू शकतं. गोलिकरी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग या १९६७च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तेच म्हटलं आणि तो वाद उभा राहिला होता आपल्या कल्याणच्या टायर कॉर्ड कारखान्यातून. दहा लाखांचं काय? कलम ७४ म्हणतं, की करारात लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा आहे, तिच्या आत वाजवी भरपाई मिळते. आता अशिलाला उपयोगी पडेल असं सांगा : दोन वर्षांच्या बंदीवर विसंबू नका, गोपनीयतेचं कलम आणि नोटीस पिरियड मजबूत करा.

उत्तर पहिल्या परिच्छेदात लिहा, कारणं नंतर. आधी प्रश्न वाचा, मग व्याख्यांचं कलम, मग ज्यावर प्रश्न आहे ती कलमं. करारावर मुद्रांक शुल्क भरलं आहे का, तेही बघा. मुद्रांक नसलेल्या लवाद कराराबद्दल सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने डिसेंबर २०२३मध्ये दिलेला निकाल तर तोंडपाठ असायलाच हवा : तो करार शून्य ठरत नाही, पुरावा म्हणून दाखल होत नाही आणि शुल्क भरून हा दोष दूर करता येतो.

गटचर्चेत सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्याने बोलणारा निवडला जातो, हा समज सोडा. दोघांचे मुद्दे जोडून देणारा आणि गप्प बसलेल्याला बोलतं करणारा लक्षात राहतो.

मुलाखत

सीव्हीतल्या प्रत्येक ओळीवर दोन मिनिटं बोलता आलं पाहिजे. 'एनसीएलटीमध्ये दिवाळखोरी प्रकरणावर संशोधन' (एनसीएलटी म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण) असं लिहिलं असेल, तर २०१६च्या दिवाळखोरी संहितेतलं कलम ७ आणि कलम ९ यांतला फरक विचारला जाणारच. पहिलं वित्तीय धनकोचं, म्हणजे कर्ज देणाऱ्याचं, दुसरं व्यवहारातल्या धनकोचं, म्हणजे माल किंवा सेवेचे पैसे येणं असलेल्याचं. येत नसेल ते "माहीत नाही, पण मी अमुक ठिकाणी शोधेन" असं सांगावं. कायद्याच्या धंद्यात अंदाजपंचे उत्तर महागात पडतं, त्यामुळे ते उत्तर देणारा उमेदवारही कुणाला नको असतो.

'आमचीच फर्म का?' याला 'नामांकित आहे' हे उत्तर नाही. त्या फर्मने अलीकडे केलेला एखादा व्यवहार वाचा आणि त्यातला एक कायदेशीर पेच तुमच्या शब्दांत मांडा.

इंग्रजीची भीती मला समजते. लहान वाक्यं बोला, सावकाश बोला, उच्चारांची नक्कल करू नका. आणि मराठीबद्दल पुन्हा सांगते. सातबारा, फेरफार, मिळकत पत्रिका, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा), जिल्हा न्यायालयातले जबाब, ग्रामपंचायतीचे ठराव, हे सगळं मराठीत येतं. भाषांतरकार शब्द बदलून देतो. पण सातबाऱ्यावरच्या 'इतर हक्क' या रकान्यातल्या कुळाच्या नोंदीमुळे व्यवहार कुठे अडकेल, हे ओळखायला मराठी आणि कायदा दोन्ही लागतात. सीव्हीवर स्पष्ट लिहा : मराठी महसुली कागदपत्रं वाचता येतात. मग मुलाखतीत त्याचं एक उदाहरण द्या.

त्या दिवशी

लोअर परळ, नरिमन पॉइंट किंवा बीकेसीच्या इमारतींत गेटवर ओळखपत्र, फोटो, पास, मग लिफ्टची रांग. यात सहज वीस मिनिटं जातात. कल्याण-विरारकडून येणाऱ्यांनी नेहमीपेक्षा दोन गाड्या आधीची पकडावी. पावसाळ्यात जादा शर्ट किंवा कुर्ता बॅगेत असू द्या.

ऑफर आल्यावर

बार कौन्सिलच्या नियम ४९नुसार सनदधारक वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. म्हणून बहुतेक फर्म असोसिएटला, म्हणजे फर्ममधल्या कनिष्ठ वकिलाला, रिटेनर म्हणून घेतात. हाती येणारी रक्कम पगार नसून व्यावसायिक शुल्क असतं आणि त्यातून साधारण १० टक्के टीडीएस कापला जातो. बऱ्याचदा पीएफ नसतो. आकडा ऐकून हरखून जाण्याआधी एवढं विचारा : रक्कम टीडीएस धरून की वगळून, नोटीस पिरियड किती, बार परीक्षेसाठी सुट्टी मिळेल का, आरोग्य विमा आहे का. असं विचारल्याने ऑफर जात नाही. कलमं वाचूनच सही करायची, हेच तर आम्ही अशिलांना सांगत असतो.

दोन आठवडे उत्तर आलं नाही तर एकच आठवणीचा ईमेल पाठवा. नकार आला तर कुठे कमी पडलो, ते त्याच धाग्यात नम्रपणे विचारा. सगळे उत्तर देत नाहीत, पण मी देते आणि माझ्यासारखे आणखी काही जण नक्की आहेत.