रिपरची शाल आणि एका ‘सी’ची चूक

सप्टेंबर २०१४ मध्ये लंडनच्या ‘द मेल ऑन संडे’ या वृत्तपत्राने जाहीर केले की, १२६ वर्षे न सुटलेले कोडे अखेर सुटले आहे. ‘जॅक द रिपर’ या नावाने ओळखला जाणारा खुनी म्हणजे आरॉन कॉस्मिन्स्की हा पोलंडहून आलेला ज्यू न्हावी होता आणि त्याचा पुरावा एका जुन्या रेशमी शालीवरच्या डीएनएत मिळाला आहे, असा तो दावा होता. पाहता पाहता ही बातमी जगभर पोहोचली. पुढच्याच महिन्यात ‘द इंडिपेंडंट’ने दुसरी बातमी दिली. डीएनए बोटठशांचे तंत्र शोधणारे सर अॅलेक जेफ्रीज, न्यायवैद्यक आनुवंशशास्त्रातील पीटर गिल, तसेच मानिस फान ओव्हेन आणि हान्सी वाइसेनस्टाइनर या तज्ज्ञांच्या मते त्या दाव्याच्या मुळाशी नोंदीची एक प्राथमिक चूक होती. ही दुसरी बातमी फारशी पसरली नाही. म्हणूनच २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२५ च्या सुरुवातीला तेच नाव, त्याच शालीच्या आधारे, नव्या शोधाच्या थाटात छापले गेले.

१८८८ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात पूर्व लंडनच्या व्हाइटचॅपल परिसरात मेरी अॅन निकोल्स, अॅनी चॅपमन, एलिझाबेथ स्ट्राइड, कॅथरीन एडोज आणि मेरी जेन केली या पाच स्त्रियांचे खून झाले, आणि ते एकाच माणसाने केले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. शालीचा संबंध जोडला जातो तो कॅथरीन एडोजशी. २९ सप्टेंबरच्या रात्री दारूच्या नशेत सापडल्यामुळे तिला बिशप्सगेट पोलीस ठाण्यात ठेवण्यात आले होते. रात्री एकच्या सुमारास तिला सोडून दिले आणि पाऊण तासात, पावणेदोन वाजता, गस्तीवरील शिपाई एडवर्ड वॉटकिन्स याला मायटर स्क्वेअरच्या अंधाऱ्या कोपऱ्यात तिचा मृतदेह दिसला.

या प्रकरणात वृत्तपत्रे सुरुवातीपासूनच केवळ बातमीदाराच्या भूमिकेत नव्हती. खुनांच्या पहिल्याच आठवड्यांत ‘लेदर एप्रन’ नावाच्या एका ज्यू माणसाचे भयंकर चित्र छापून आले. त्या नावाने जॉन पायझर या चांभारकाम करणाऱ्या माणसाला अटक झाली आणि आपण त्या रात्री दुसरीकडे होतो, हे सिद्ध झाल्यावर त्याची सुटका झाली. ‘जॅक द रिपर’ हे नावसुद्धा सेंट्रल न्यूज या वृत्तसंस्थेकडे सप्टेंबरअखेरीस आलेल्या एका पत्रातून रूढ झाले, आणि ते पत्र एखाद्या पत्रकारानेच लिहिले असावे, असे मत तपासाशी संबंधित पोलीस अधिकाऱ्यांनी पुढे नोंदवून ठेवले आहे. ज्या नावाने आपण या खुन्याला ओळखतो, त्या नावाचा खुन्याशी काही संबंध होता, असे खात्रीने म्हणता येत नाही.

कॉस्मिन्स्कीचे नाव मात्र हवेतून आलेले नाही. स्कॉटलंड यार्डचे अधिकारी मेल्व्हिल मॅकनॉटन यांच्या १८९४ च्या टिपणात तीन संशयितांपैकी एक म्हणून ‘कॉस्मिन्स्की’ एवढेच आडनाव येते. मुख्य निरीक्षक डोनाल्ड स्वॉन्सन यांनीही एका छापील आठवणींच्या समासात ते लिहून ठेवले होते. आरॉन कॉस्मिन्स्की १८९१ मध्ये कोल्नी हॅचच्या मनोरुग्णालयात दाखल झाला. त्याला आवाज ऐकू येत, दुसऱ्याने दिलेले अन्न तो घेत नसे, गटारातले तुकडे उचलून खात असे. त्याने एकदा बहिणीवर सुरी उगारल्याची नोंद आहे. मात्र रुग्णालयाच्या दाखल-नोंदीत ‘इतरांना धोका आहे काय’ या रकान्यात ‘नाही’ असे लिहिलेले आहे. १९१९ मध्ये लीव्ह्सडेनच्या मनोरुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. त्याच्यावर कधी आरोप ठेवला गेला नाही, त्यामुळे बचाव करण्याचा प्रसंगही त्याच्यावर आला नाही. अशा माणसाला दीडशे वर्षांच्या उंबरठ्यावर खुनी ठरवायचे असेल, तर पुरावा जिवंत आरोपीविरुद्ध लागतो त्यापेक्षा कमी कसाचा चालेल, असे मला मुळीच वाटत नाही.

आता शालीकडे वळू. अॅमॉस सिम्पसन या पोलिसाने ती मायटर स्क्वेअरमधून वरिष्ठांच्या परवानगीने पत्नीसाठी घरी नेली, तिने ती कधीच वापरली नाही आणि न धुता ठेवून दिली, अशी त्याच्या घराण्यात चालत आलेली हकिकत आहे. ही शाल २००७ मध्ये रसेल एडवर्ड्स या व्यावसायिकाने सफकमधील बरी सेंट एडमंड्स येथील लिलावात विकत घेतली. लिव्हरपूल जॉन मूर्स विद्यापीठातील यारी लोहेलाइनेन यांनी तिच्यावरील डागांतून डीएनए मिळवला. एका डागातील डीएनए एडोजच्या मातृवंशातील हयात वारसदाराशी आणि दुसऱ्या, वीर्याच्या मानल्या गेलेल्या डागातील डीएनए कॉस्मिन्स्कीच्या बहिणीच्या मातृवंशातील हयात वारसदाराशी जुळतो, असा त्यांचा निष्कर्ष होता.

हा डीएनए पेशीच्या केंद्रकातील नव्हे, तर मायटोकॉन्ड्रियातील, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकांतील तंतुकणिकांमधील होता. एका पेशीत त्याच्या शेकडो ते हजारो प्रती असतात, म्हणून जुन्या आणि झिजलेल्या नमुन्यांतही तो टिकून राहण्याची शक्यता जास्त असते. त्याची लांबी जेमतेम १६,५६९ अक्षरांची असते (डीएनएचे घटक ए, सी, जी आणि टी या चार अक्षरांनी लिहिले जातात) आणि तो फक्त आईकडून मुलांकडे येतो. त्यामुळेच आरॉनचा आणि त्याच्या बहिणीचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए एकच असणार आणि तो बहिणीच्या मुलींकडून आजच्या पिढीपर्यंत उतरलेला असणार, हे गृहीतक शास्त्रीयदृष्ट्या रास्त आहे. पण हाच गुण त्याची मर्यादाही ठरतो. एकाच स्त्रीपासून आईच्या बाजूने उतरलेले सारे लोक, त्यांना परस्परांची गंधवार्ताही नसली तरी, जवळजवळ एकसारखा मायटोकॉन्ड्रियल डीएनए बाळगतात. दोन नमुने जुळले नाहीत तर संशयित वगळता येतो. जुळले तर ‘हा वगळता येत नाही’ इतकेच म्हणता येते, आणि त्या म्हणण्याला किती वजन द्यायचे हे तो प्रकार लोकसंख्येत किती दुर्मीळ आहे यावर ठरते.

२०१४ ची चूक नेमकी या दुर्मीळतेच्या हिशेबात झाली, आणि ती जवळून पाहण्यासारखी आहे. मायटोकॉन्ड्रियल डीएनएतील फरक हे केंब्रिज येथे तयार होऊन १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि १९९९ मध्ये तपासून दुरुस्त केलेल्या एका संदर्भ-अनुक्रमाशी तुलना करून नोंदवले जातात. या अनुक्रमात ३०३ ते ३०९ या स्थानांवर सात ‘सी’ आहेत, ३१० वर एक ‘टी’ आणि ३११ ते ३१५ वर पाच ‘सी’. ज्या नमुन्यावरून हा संदर्भ बेतला गेला त्यात योगायोगाने एक ‘सी’ कमी होता. बहुतेक माणसांत त्या ‘टी’नंतर पाच नव्हे, सहा ‘सी’ असतात. आता ओळीने सहा ‘सी’ असताना जास्तीचा ‘सी’ नेमका कोणता, हे सांगता येण्यासारखे नसते. तो ३१४ नंतर घातला काय किंवा ३१५ नंतर घातला काय, अनुक्रम तोच राहतो. म्हणून तज्ज्ञांनी संकेत ठरवून टाकला की, असा वाढीव ‘सी’ ओळीच्या शेवटी धरायचा आणि ‘३१५.१सी’ असा लिहायचा. शालीच्या अहवालात तो ‘३१४.१सी’ असा नोंदवला गेला आणि त्याच नावाने डेटाबेसमध्ये शोधला गेला. टपाल खात्याने कधी न वापरलेला पिनकोड टाकून वस्तीतील घरे मोजावीत आणि आकडा शून्य आल्यावर तिथे कोणी राहत नाही असे म्हणावे, तसे हे झाले. एडोजच्या वारसदारात आणि शालीत सापडलेला हा फरक सुमारे २,९०,००० लोकांत एकाला असतो, असे सांगण्यात आले. योग्य नावाने पाहिले, तर युरोपीय वंशाच्या ९९ टक्क्यांहून अधिक लोकांत तो असतो. ज्या धाग्यावर शाल आणि एडोज यांचे नाते उभे होते, तो धागा लंडनच्या रस्त्यावरील जवळजवळ प्रत्येक गोऱ्या माणसाशी जोडता आला असता.

त्या आकड्यातच धोक्याची खूण होती, याचे मला विशेष वाटते. त्या वेळी वापरलेल्या डेटाबेसमध्ये सुमारे ३४ हजार नोंदी होत्या. इतक्या नोंदींमध्ये एखादा प्रकार एकदाही सापडला नाही, तरी त्यावरून जवळपास तीन लाखांत एक हे प्रमाण निघू शकत नाही. हे कळण्यासाठी आनुवंशशास्त्राची पदवी लागत नाही, साधा भागाकार पुरतो. पण तो करून पाहण्याइतका वेळ बातमी छापणाऱ्यांनी घेतला नाही, आणि तज्ज्ञांना तपासणीसाठी शोधनिबंधही उपलब्ध नव्हता, कारण दावा आधी पुस्तकातून आणि वृत्तपत्रातून आला होता.

शोधनिबंध आला तो २०१९ मध्ये, ‘जर्नल ऑफ फॉरेन्सिक सायन्सेस’मध्ये. लीड्स विद्यापीठातील डेव्हिड मिलर हे त्याचे सहलेखक होते. हयात वारसदारांच्या गोपनीयतेचे कारण देऊन त्यात प्रत्यक्ष अक्षरानुक्रम दिला नव्हता. त्याऐवजी रंगीत चौकोनांच्या ओळी होत्या, ज्यांवरून वाचकाने ‘जुळते’ असे समजून घ्यायचे होते. इन्सब्रुकचे न्यायवैद्यक तज्ज्ञ वाल्टर पार्सन यांनी, असा अनुक्रम प्रसिद्ध केल्याने कोणाच्या गोपनीयतेला धोका पोहोचत नाही आणि तो द्यायलाच हवा होता, असे मत दिले. चौकोन दाखवणे म्हणजे पुरावा नव्हे, पुराव्याचे चित्र होय. २०१४ ची चूक उघडकीस आली ती ‘३१४.१सी’ हे चिन्ह छापले गेले होते म्हणूनच, आणि नंतरच्या निबंधात तशी तपासणी करण्याची वाटच ठेवली नव्हती. २०२४ मध्ये या नियतकालिकाने निबंधाबद्दल चिंता व्यक्त करणारे निवेदन प्रसिद्ध केले. लेखकांकडे मूळ माहिती मागितली असता, उपकरणातील बिघाड व इतर अडचणींमुळे ती उपलब्ध नाही, असे उत्तर मिळाले होते. त्यानंतर काही महिन्यांतच ‘रिपरची ओळख पटली’ अशा मथळ्यांची नवी लाट आली आणि त्यांतील बहुतेक ठिकाणी या निवेदनाचा उल्लेखसुद्धा नव्हता. वार्ताहराने नियतकालिकाच्या संकेतस्थळावर तो निबंध उघडून पाहिला असता, तर ते निवेदन त्याच्या समोरच आले असते.

शालीबाबतचा आणखी एक प्रश्न प्रयोगशाळेत शिरण्यापूर्वीचा आहे. ती शतकाहून अधिक काळ घरांतून, प्रदर्शनांतून आणि लिलावांतून फिरली. हातमोजे न घालता ती हाताळली गेली, तिच्याजवळ लोक बोलले, खोकले, शिंकले. अशा कापडावर युरोपीय माणसाचा डीएनए सापडणे अपेक्षितच आहे. कॉस्मिन्स्कीशी जुळणारा म्हणून सांगितलेला ‘टी१ए१’ हा मातृवंशही, म्हणजे मायटोकॉन्ड्रियल डीएनएतील फरकांवरून ठरवलेला गटही, एका कुटुंबाची मिरास नाही.

याच साधनाने जपून काम कसे करता येते, याचे उदाहरण आपल्या शेजारी, जुन्या गोव्यात आहे, आणि तेही एका ऐतिहासिक हत्येशीच निगडित आहे. जॉर्जियाची राणी केतेवान हिला इराणच्या शाह अब्बासच्या आज्ञेवरून १६२४ मध्ये शिराझ येथे हाल करून मारण्यात आले आणि तिचे काही अवशेष ऑगस्टिनियन पाद्र्यांनी गोव्यात आणले. पोर्तुगीज कागदपत्रांत ते सेंट ऑगस्टिनच्या मठात कोणत्या खिडकीजवळ ठेवले, याची नोंद होती. त्या आधारे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने भग्न अवशेषांत शोध घेतला आणि हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणू जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेने सापडलेल्या हाडांची तपासणी केली. एका हाडात ‘यू१बी’ हा मातृवंश मिळाला. २२ हजारांहून अधिक भारतीय नमुन्यांत तो आढळला नाही, जॉर्जियातील नमुन्यांत मात्र आढळला. सोबतची दोन हाडे दक्षिण आशियाई मातृवंशाची निघाली, आणि तेही संशोधकांनी सांगितले. इथे कागदपत्र, उत्खननाची जागा आणि डीएनए हे तीन स्वतंत्र पुरावे एका दिशेने बोट दाखवत होते. तरीही २०१४ मध्ये, म्हणजे शालीच्या बातमीच्याच वर्षी, प्रसिद्ध झालेल्या निबंधाची भाषा ‘हे अवशेष राणीचे असण्याची शक्यता आहे’ एवढीच राहिली. २०२१ मध्ये भारताने ते जॉर्जियाला सन्मानाने सुपूर्द केले.

शालीपाशी असा दुसरा पुरावा नाही. उद्या कोणी नव्या यंत्रावर नव्याने अनुक्रम काढला, तो खुलेपणाने छापला आणि तो कॉस्मिन्स्कीच्या वंशाशी अगदी चपखल जुळला, तरी ही शाल त्या रात्री मायटर स्क्वेअरमध्ये होती का, या प्रश्नाला ते यंत्र उत्तर देऊ शकत नाही. मायटर स्क्वेअर ‘सिटी ऑफ लंडन’च्या स्वतंत्र पोलीस दलाच्या हद्दीत येतो. सिम्पसन महानगर पोलीस दलात होता आणि त्या रात्री तो तिथे असल्याची अधिकृत नोंद मिळालेली नाही. याउलट कॅथरीन एडोजच्या अंगावरच्या आणि जवळच्या वस्तूंची यादी पोलिसांनी बारकाईने केली होती आणि ती आजही उपलब्ध आहे. काळी स्ट्रॉची टोपी, काळे जाकीट, पुरुषी बूट, गळ्यातला लाल रेशमी जाळीचा तुकडा, जुन्या पांढऱ्या एप्रनचा भाग, चहा आणि साखर ठेवलेल्या पत्र्याच्या डब्या, साबणाचे तुकडे, कंगवा, लाल चामडी सिगारेटची डबी असे सारे त्या यादीत आहे. फुलांच्या नक्षीची, आठ फुटांच्या आसपास लांबीची रेशमी शाल तिच्यात नाही.